पौर्णिमेचा बुधला

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची आता खात्री देववत नाही. गाव नदीच्या उत्तरेला होते की दक्षिणेला, हे मी आजवर दोन तऱ्हांनी सांगितले आहे. पण तिथल्या वैद्याचे नाव धुंडिराज होते आणि तो भित्रा होता, एवढे नक्की. त्याच्या भित्रेपणावरच सारी गोष्ट उभी आहे, तेव्हा निदान त्यात चूक नसावी.

त्या गावाच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते. रंगोशेठ नावाचा व्यापारी द्राक्षांचे आसव करून विकत असे. गिऱ्हाईक दुकानात येई, थेंबभर तळहातावर घेऊन चाखे, आवडले तर नेई. नाही आवडले तर "आज नको, शेठ," म्हणून परत जाई. ते ऐकून शेठला वाईट वाटे. पण पुढच्या खेपेचे आसव सुधारलेले असे.

एके वर्षी शेठने मंडळ काढले. सभासदाने वर्षाचे मोल आधी द्यायचे. दर पौर्णिमेला त्याच्या घरी आसवाचा एक बुधला येणार. त्यात कोणते आसव भरायचे, ते शेठ ठरवणार. आलेला बुधला परत करायचा नाही. संध्याकाळी सर्वांनी शेठच्या ओसरीवर जमायचे, पेला उचलायचा आणि "वा" म्हणायचे. सभासदाच्या दाराला द्राक्षवेलीचे तोरण लागे.

पहिले तोरण पाटलांच्या दाराला लागले. मग सोनाराच्या, मग शाळेच्या पंतोजींच्या. बघता बघता सगळी वरची आळी तोरणांनी भरली. धुंडिराज वैद्याची चौकट तेवढी उघडी राहिली.

वैद्याला भीती वाटू लागली. रस्त्याने जाणारा माणूस आधी त्याच्या चौकटीकडे बघे आणि मग त्याच्याकडे. पौर्णिमेला बुधल्यांची गाडी घरोघर थांबत येई आणि त्याच्या दारावरून न थांबता पुढे जाई. पाटलांच्या सुनेला ताप आला, तेव्हा त्यांनी नदीपलीकडचा वैद्य बोलावला. तो सभासद होता.

"एवढं भ्यायचं, तर होऊन टाका की सभासद," त्याची बायको सगुणाबाई म्हणाली.

"अगं, पण येईल ते प्यावं लागेल."

"येईल ते जेवताय ना इतकी वर्षं? मरण आलं का?"

"तुझी आमटी अळणी झाली तर मी अळणी म्हणू शकतो."

"म्हणून बघा बरं एकदा!" सगुणाबाई फणकारली. मग पोळी लाटता लाटता तिचा हात थांबला. "म्हणता येतं मात्र, हे खरं," ती हळूच म्हणाली.

वैद्य शिकलेला होता. शिकलेल्या माणसाला भीती वाटली की तो चौकशी करतो. त्याने सभासदांना एकच प्रश्न विचारायचे ठरवले.

"पाटील, मागच्या पौर्णिमेचा बुधला दुकानात दिसला असता, तर आपण विकत घेतला असता का?"

पाटलांनी मागेपुढे पाहिले. "मंडळ आहे ना पण," ते म्हणाले आणि चालू लागले.

सोनाराने तर हातच जोडले. "वैद्यबुवा, असलं काही विचारू नका. कोणी ऐकलं म्हणजे?"

पंतोजींनी वैद्याला बाजूला घेतले. "कोणाला सांगू नका. मला गेले तीन-चार बुधले बरे लागले नाहीत. पण ओसरीवर सगळे वा म्हणतात. म्हणजे माझी जीभच बिघडली असणार. जिभेला काही औषध आहे का हो तुमच्याकडे?"

वैद्याने त्यांना उजेडात बसवून जीभ पाहिली. स्वच्छ, गुलाबी, निरोगी जीभ होती. ती पाहून वैद्याच्या अंगावर काटा आला.

तरीही शेवटी माणसांची भीती जिंकली. "येत्या पौर्णिमेला मी सभासद होतो," असा निरोप त्याने शेठकडे पाठवला.

मंडळ वाढले होते. शेठचे मातीचे रांजण पुरेनात. म्हणून त्याने तांब्याचा एक मोठा हंडा आणला. कल्हईवाला पावसाळा सरल्याशिवाय त्या गावाकडे फिरकत नसे, आणि पौर्णिमा तर जवळ आलेली. "नव्या भांड्याला कसली कल्हई?" शेठ म्हणाला. "आत डोकावून बघा, आरसा आहे आरसा!" सभासदांनी डोकावून पाहिले आणि सगळे "वा" म्हणाले. त्यांना आता सवय झाली होती.

कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवले की ते कळकते आणि विषासारखे बाधते. हे कळायला वैद्य असावे लागत नाही. कळकलेल्या ताकाची चव घरोघरच्या पोरांना ठाऊक असते. पण ताकाला नावे ठेवता येतात.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ओसरी भरली. नव्या सभासदाने पहिला घोट घ्यायचा आणि "वा" म्हणायचे, मग बाकीच्यांनी पेले रिकामे करायचे, असा रिवाज होता. सगळे पेले भरून झाले. सगळ्यांचे डोळे धुंडिराजकडे लागले. कोपऱ्यात पंतोजी औषध घ्यायला बसल्यासारखे पेला धरून बसले होते.

वैद्याने घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. जिभेच्या कडा आवळल्या. नाकापर्यंत तांब्याचा वास चढला. त्याने पेल्यात पाहिले. पेल्याच्या कडेला पुसट हिरवी रेघ होती.

आता त्याला दोन भीती होत्या. एक समोर बसली होती, दुसरी पेल्यात होती. त्याने एकदा "वा" म्हटले, की तेवढ्यावर ओसरीवरचे सगळे पेले रिकामे होणार होते. आणि नाही म्हटले, तर उद्यापासून त्याच्या दारी रोगीसुद्धा येणार नव्हता.

त्याने घोट अंगणात थुंकला. "हे कळकलंय," तो म्हणाला. आवाज इतका कापत होता, की मागच्यांना ऐकूच गेले नाही.

शेठला मात्र ऐकू गेले. तो मोठ्याने हसला. "वैद्यबुवा, सभासद झाल्यावाचून चव कशी कळायची? आधी वा म्हणा, मग आपोआप गोड लागेल!"

ओसरी खदखदून हसली.

"वा म्हटल्यावर मला बोलता येणार नाही, शेठ. म्हणून आत्ताच बोलतो. कोणी पिऊ नका."

"भित्रा लेकाचा!" पाटील गरजले.

"हो पाटील, मी भ्यालोय," वैद्य म्हणाला. "तुम्हीही भ्या."

शेठ संतापला. त्याने आपला पेला एका दमात रिकामा केला, शेजारचा उचलून तोही केला आणि मिशा पुसत सगळ्यांकडे पाहिले. पण आता कोणी पेला तोंडाला लावेना. मग कोपऱ्यातून पंतोजींनी पेल्याला नुसती जीभ लावली आणि पेला खाली ठेवला. "मलाही कळकलेलं लागतंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझी जीभ चांगली आहे." मग सोनाराने पेला ठेवला. मग पाटलांनी.

एवढ्यात शेठ पोट धरून वाकला.

वैद्याने त्याला ओकाऱ्या काढायला लावल्या, दूध पाजले आणि तो त्याच्या उशाशी बसून राहिला. शेठ वाचला. पण महिनाभर त्याला अंथरूण सोडता आले नाही. पाटील समाचाराला आले, तेव्हा त्याने विचारले, "पाटील, या खेपेचं सोडा. वर्षभर आसव चांगलं होत होतं ना?"

"शेठ, सहा महिने नव्हतं हो."

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोलायचं नाही, असा तुमचाच नियम होता."

शेठने भिंतीकडे तोंड फिरवले. "मी चाखायचं केव्हाच सोडलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या 'वा'वर विसंबून होतो मी."

काही जण ही गोष्ट निराळी सांगतात. म्हणतात, वैद्य काही बोललाच नाही, भीतीने हात थरथरून पेला सांडला, इतकेच. भित्र्या माणसाचे ऐकिवात येते ते असेच, म्हणून मीही बरीच वर्षे तेच खरे धरून चाललो होतो. पुढे खूप वर्षांनी त्या गावी जाण्याचा योग आला. मंडळ चालू होते. पौर्णिमेच्या संध्याकाळी शेठच्या पणतूने पहिला पेला माझ्या हातात दिला, कारण ओसरीवर सभासद नसलेला मी एकटाच होतो. बाकीचे लोक आपापले पेले खाली ठेवून माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी भीतभीत म्हणालो, "जरा आंबट आहे." कोणी रागावले नाही. पणतू आत गेला आणि दुसरा बुधला घेऊन आला. नुसत्या सांडलेल्या पेल्यातून असा रिवाज पडत नाही. वैद्य बोलला होता.

तात्पर्य: जिथे 'नको' म्हणण्याची मुभा नाही, तिथे शिरण्याआधीच भ्यावे, शिरल्यावर स्वतःची जीभसुद्धा खोटी वाटू लागते.