ठमाईचा किडकिडीत मेंढा

फार फार मागे, डोंगर आणि माळ यांच्या मध्ये मेंढपाळांची एक वस्ती होती. एका वर्षी तिथे अशी रोगराई आली की मेंढ्यांचे वाडे ओस पडले. लोकर आटली, दूध आटलं आणि पोरांच्या ताटातली भाकरीही लहान झाली.

उरलेल्या कळपांची वीण वाढवायला मेंढा निवडायची वेळ आली. वस्तीचा कारभारी धुळाप्पा याने नेहमीसारखा टकरी जिंकणारा दांडगा मेंढा निवडला. त्याची सून ठमाई मात्र एका किडकिडीत मेंढ्याला धरून उभी राहिली.

“मामा, मी माहेराहून आणलेल्या मेंढ्यांना हा ठेवू द्या.”

“हा? वाऱ्यानं पडेल की गं!” धुळाप्पा हसला.

“जुळ्यातला आहे, म्हणून बारीक राहिला. याच्या आईला जुळी होतात, आजीलाही व्हायची.”

“मग आई सांभाळ. मेंढा कुठं वितो?”

“त्याच्या लेकी वितील, मामा. आईचा गुण त्यांच्यात उतरेल.”

सगळे हसले. पण मेंढ्या तिच्या माहेरच्या होत्या, म्हणून धुळाप्पाने होकार दिला.

पहिल्या विणीला प्रत्येक मेंढीला एकेकच कोकरू झालं, तेही लहानसं. दुसऱ्या वाड्यांत टपोरी कोकरं उड्या मारत होती. लोकांनी टोमणे मारले. तिच्या नवऱ्याने तर मेंढा विकायला खाटकाला बोलावलं. ठमाई मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून बसली.

“याच्या लेकी विऊ द्या,” ती डोळे पुसत म्हणाली. “मग म्हणाल ते करीन.”

धुळाप्पाने सुनेकडे पाहिलं आणि खाटकाला परत पाठवलं.

ठमाईने त्या मेंढ्याची एकही लेक विकली नाही. हिरवा पाला शोधत तिने त्या वाढवल्या. मोठ्या झाल्यावर वस्तीतल्या दांडग्या मेंढ्यापासूनच त्या गाभण राहिल्या.

वीण सुरू झाली. पहिलीला एक कोकरू झालं. ठमाईने ते पुसून बाजूला ठेवलं आणि मान खाली घातली. इतक्यात मेंढीने पुन्हा कळा दिल्या.

“मामा! दुसरं आलं! धावा!”

सगळ्याच लेकींना नाही, पण निम्म्याअधिक लेकींना जुळी झाली. वाडा कोकरांच्या बें-बें आवाजाने भरून गेला. धुळाप्पाने दोन कोकरं काखेत घेतली आणि डोक्याचा पटका सुटलेला असतानाच तो वस्तीभर ओरडत सुटला, “माझ्या सुनेनं कळप उभा केला!”

मग परत येऊन तो हळूच म्हणाला, “पोरी, मी शिंगं बघत राहिलो. तू घराणं बघितलंस.”

पुढे वाड्यावाड्यांतून त्या मेंढ्याच्या वंशाला मागणी आली. बघता बघता माळ मेंढ्यांनी पांढरा झाला, आणि मेंढा निवडायचा मान वस्तीने कायमचा ठमाईला दिला.

तात्पर्य : केवळ रूप पाहून निवड करू नये, वंशातला गुण ओळखावा आणि तो फळेपर्यंत धीर धरावा.