फोनच्या बदल्यात हत्तीण

"नवा फोन घ्यावा की न घ्यावा?" या एका प्रश्नाने तांबडगडच्या रणधवल राजाला अन्न गोड लागेना.

फोन होताच तसा! मोतीशेठ सौदागराने तो मखमलीच्या पेटीतून आणला होता. लखलखीत, गुळगुळीत, आणि किंमत अशी की ऐकून खजिनदाराला घामच फुटला. पण मोतीशेठ भारीच दिलदार! तो म्हणाला, "पैशांचं राहू द्या, महाराज. बदल्यात तुमची हत्तीण द्या. वरातीत भाड्याने फिरवीन तिला."

राजाने दरबाराकडे पाहिलं. दरबारात तीन शहाणे होते.

"घ्याच, महाराज!" दिवाणजी म्हणाले. "या कॅमेऱ्याने गडावरून फोटो काढला, तर खालच्या गावात कोण काय जेवतंय तेही दिसेल!"

"आणि तुमचा जुना फोन किती तापतो!" किल्लेदार म्हणाले. "राजाच्या हाताला फोड आला, तर जबाबदारी कोणाची?"

राजवैद्य मागे कसे राहतील? "या पडद्याने डोळ्यांना असा गारवा मिळतो, की आमची काकडी झक मारते!"

"झालं तर मग!" राजा म्हणाला, तेवढ्यात हत्तीखान्यातून माहुताची मुलगी हौसा धावत आली. ही लहानपणी पहिलं पाऊल टाकायला शिकली, तीच रूपकळी हत्तिणीची सोंड धरून.

"महाराज, रूपकळीला देऊ नका! ताशाच्या आवाजानं ती बिचकते, दोन-दोन दिस तोंडात काडी घेत न्हाई. वरातीत फिरवलं तर मरंल वो ती!"

राजा मनाचा वाईट नव्हता, पण भलता हट्टी होता. भर दरबारात कोणी टोकलेलं त्याला खपत नसे.

"माझे तीन शहाणे घ्या म्हणतात, आणि तू एवढीशी पोर नको म्हणतेस? बरं! या तिघांच्याच तोंडून 'नको' वदवून दाखव. फोनला हात लावायचा नाही आणि एका शब्दानेही त्याला नाव ठेवायचं नाही. मोतीशेठच्या हातातलं सरबत संपायच्या आत! जमलं तर हत्तीण इथेच राहील. नाही जमलं तर ती वरातीत जाईल, आणि तिच्यापुढे झेंडू उधळायला तू!"

मोतीशेठने लगेच एक मोठा घोट घेतला.

हौसाने पदराने डोळे पुसले आणि तिन्ही शहाण्यांकडे नीट बघितलं. मग हळूच म्हणाली, "महाराज, तुमच्या नावानं दवंडी देऊ का? येकच देते."

"दे की!"

हौसा दरबाराच्या मधोमध उभी राहिली. "ऐका हो ऐका! महाराज नवा फोन घेनार! आन् जुना फोन कुनाला देनार न्हाईत! दोन्ही आपल्याच खिशात ठेवनार हो!"

दिवाणजींनी किल्लेदारांकडे पाहिलं, किल्लेदारांनी वैद्यांकडे.

"महाराज," दिवाणजी खाकरले, "मी काय म्हणतो... गावात कोण काय जेवतंय ते वाकून बघणं राजाला शोभत नाही हो. नकोच ते!"

"शिवाय थंडी तोंडावर आलीय," किल्लेदार म्हणाले. "जुना फोन तापतो म्हणून तर हात शेकता येतात! नवा नको!"

"नकोच नको!" राजवैद्य तर उभेच राहिले. "इतक्या गारव्याने डोळ्यांत वात भरतो. जुनं ते सोनं, महाराज!"

मोतीशेठला सरबताचा ठसका लागला. पेल्यात अजून निम्मं सरबत शिल्लक होतं!

राजा थक्क झाला. "हौसा, ही काय जादू केलीस?"

"जादू कसली! तुमी नवा फोन घेतला की जुना दिवानजींना मिळतो. दिवानजींचा किल्लेदारांना, त्यांचा वैद्यबुवांना, आन् वैद्यबुवांचा माझ्या बाला. तुमी येक घ्या, चौघांची चांदी! बाच्या फोनवर तर अजून तुमच्या लग्नाचा फोटू हाय. काच तडकलीया, म्हनून रानीसाहेबांचं नाक तेवढं दिसत न्हाई."

राजाने तिघांकडे असं पाहिलं, की तिघेही छताची नक्षी मोजू लागले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, म्हणजे तुझ्या बापालाही बरा फोन मिळाला असता! मग तू का नको म्हणालीस?"

"मिळाला असता, महाराज. पर त्यात फोटू कुनाचा काढायचा? रूपकळी तर मोतीशेठच्या दारात!"

राजाला ते पटलं. पण हट्टी तो हट्टीच! हार मानण्याआधी त्याने शेवटचा पेच टाकला. "बोललीस छान. पण हा फोन घेण्यासारखा आहे की नाही, ते राहिलंच की!"

"त्यातलं मला काय कळतंय? ज्याच्या दुकानात असले शंभर हायत, त्यालाच विचारा," हौसा म्हणाली आणि सौदागराकडे वळली. "शेठ, तुमच्या सोताच्या खिशात कोंचा हाय वो?"

मोतीशेठने घाईघाईने खिशावर हात ठेवला. "छे, छे! तो कामाचा नाही!"

"काढा!" राजा गरजला.

मोतीशेठने खिशातून फोन काढला. बटणांचा! अक्षरं पुसलेली, आणि मागचं झाकण पडू नये म्हणून आवळलेला रबर!

"त्याचं काय आहे, महाराज," मोतीशेठ कसनुसं हसत म्हणाला, "चार-चार दिवस चार्ज करावा लागत नाही. पडला तरी फुटत नाही. आणि बोलणं... बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येतं हो!"

राजा असा खो खो हसत सुटला की मुकुट कानावर आला. हसता हसता त्याने पेटी सौदागराकडे सरकवली.

"उचला, मोतीशेठ! आणि सरबत संपवून जा! हौसा, आजपासून रूपकळी तुझी. तिच्या चाऱ्यासाठी तळ्याकाठचा उसाचा मळाही तुझा!"

मुजरा करायचंही भान न राहता हौसा हत्तीखान्याकडे धावत सुटली.