चिंचगडच्या राजाची नवी डिस्क

राजे वज्रसेनांची नवी हार्ड डिस्क दिसेना. पेटीत बसवलेली होती, सगळ्या दरबारानं डोळ्यांनी पाहिली होती, पण संगणकाच्या पडद्यावर तिचा पत्ताच नाही. तिथं आपली जुनीच एक, तीही तुडुंब भरलेली.

आता राजाकडे संगणक कुठून आला, असं मध्येच विचारू नका. राजाला हवं ते येतं. विचारायचंच असेल तर जुनी डिस्क कशानं भरली ते विचारा. राज्याचा हिशेब? छे! महाराज घोड्यावर, महाराज घोड्याशेजारी, महाराज नुसतेच आणि मागे घोडा. शिवाय महाराजांनी स्वतःवर रचलेले आणि स्वतःच गायलेले पोवाडे. उद्या मिशीच्या नव्या वळणाचे फोटो काढायचे होते आणि ठेवायला जागा नव्हती. चिंचगडावर कोसळलेलं संकट ते हे.

डिस्क बसवली होती गेनूनं. दरबारचा संगणक तोच सांभाळायचा. महाराज त्याच्यावर कडाडले, "दिवस मावळायच्या आत दोष सापडला पाहिजे. ज्याच्यामुळे हे झालं, तो आजच्या आज पायी चालत सरहद्दीबाहेर जाईल. मग तो कोणीही असो, हा आमचा शब्द आहे. आणि तो सापडला नाही, तर तू जाशील."



"आणि हे बघ," महाराज पुढे म्हणाले, "सकाळी आम्ही स्वहस्ते त्या डिस्कची पूजा केली आहे. आमच्या हातच्या कुंकवाला कोणी बोट लावायचं नाही."

मग दरबार कामाला लागला. शास्त्रीबुवांनी पेटीचं तोंड दक्षिणेला आहे असं शोधून काढलं आणि ती पूर्वेला फिरवून घेतली. काही झालं नाही. दिवाण त्र्यंबकपंतांनी पेटीजवळ तोंड नेऊन "हुजूर आले आहेत!" अशी ललकारी दिली. डिस्क काही उठून उभी राहिली नाही.

गेनूची बायको सगुणा तिथंच झाडू मारत होती. दरबारात पूजा झाली की मागचा पसारा तिच्याच वाट्याला. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं त्याला खांबाआड ओढलं.

"अहो, तीच वायर जुन्या डिस्कला लावून पाहिलीत?"

"पाहिली. जुनी झकास चालते."

"मग वायर धड आहे. नवी घुमते का, जुनीसारखी?"

"नाही गं. मुकी बसलीय, आणि हाताला गार."

"म्हणजे तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. पिन नीट बसलीय ना?"

"पूर्ण आत जात नाही. जोर लावायला भीती वाटते. तोंडाशी सगळं कुंकूच कुंकू, आणि ते पुसायचं नाही म्हणतात."

सगुणाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महाराज अक्षता वाहत नसत, उधळत. हत्तीची पूजा झाली तेव्हा हत्ती दिवसभर कान झाडत होता, आणि ते तिलाच निस्तरावं लागलं होतं. दोष तर कळला. पण तो सांगायचा कसा? दोष महाराजांचा म्हणावं तर जीव जाणार, न म्हणावं तर नवरा सरहद्दीपार.

ती तशीच झाडू घेऊन सिंहासनापुढे उभी राहिली.

"महाराज, दोष काढते. कुंकवाला हात लावत नाही. फक्त आधी वीज बंद करायला सांगा."

वीज बंद झाली. सगुणानं केसातला आकडा काढला, डिस्कच्या तोंडातल्या खाचेत अलगद फिरवला आणि तळहातावर काहीतरी पाडलं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा होता. गेनूनं पिन दाबली, ती पूर्ण आत जाऊन बसली. वीज आली तशी डिस्क घुमायला लागली. कोरी असल्यामुळे गेनूनं ती आखून, म्हणजे फॉरमॅट करून घेतली, नाव दिलं, आणि पडद्यावर नवी डिस्क येऊन बसली.

महाराज टाळी वाजवणार होते, तेवढ्यात दिवाणजींना कर्तव्य आठवलं.

"दाणा सापडला हुजूर, पण तो आत टाकला कोणी? तो माणूस सापडायचा आहे."

सगळा दरबार एकदम छताकडे बघायला लागला. महाराजांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि हात हळूच शेल्यात लपवला. पण हट्ट कसला सुटतो!

"आमचा शब्द म्हणजे शब्द," ते खाकरून म्हणाले. "सांग, कोण तो? आणि बाई, नीट विचार करून सांग हं. राजावर आळ घेणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे महाराज. सांगते. पण त्या माणसासाठी एक विनंती आहे. त्याला पायी धाडू नका, पालखी द्या."

"गुन्हेगाराला पालखी? ती का म्हणून?"

"सरहद्द लांब, ऊन मरणाचं," सगुणा शांतपणे म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला जन्मात कधी चालायची सवय नाही."

शास्त्रीबुवांना ठसका लागला. गेनूनं डोळे मिटून घेतले. महाराजांच्या नाकपुड्या फुगल्या, मिशी थरथरली, आणि मग ते जे हसत सुटले ते मुकुट कानावर आला तरी थांबेनात.

"शब्द मागे घेतला!" डोळे पुसत ते म्हणाले. "कोणी कुठं जात नाही. पण पालखी मात्र आणा. या बाईच्या पदरात मोहरा घाला आणि तिला पालखीतून घरी पोचवा."

"भोई जेवायला गेलेत, हुजूर," दिवाणजी म्हणाले.

"मग तुम्ही आहात की! माणूस सापडायचा होता ना तुम्हाला? धरा पुढची दांडी. मागची शास्त्रीबुवा धरतील."

सगुणा मोहरा सावरत पालखीत बसली. दिवाणजी पहिल्याच वळणावर धापा टाकायला लागले. गेनू शेजारून चालत होता, बायकोचा झाडू हातात घेऊन.