मूल्यांची पाटी आणि हौसाचं मडकं

"दारावर पाटी लावा, नाहीतर दुकान उठवा हो!"

दवंडी ऐकून चांदवलीचा अख्खा बाजार गार पडला. राजा रणधवलाचं फर्मानच तसं होतं. प्रत्येकाने आपल्या जीवनाचं एक मूल्य ठरवायचं, सोनेरी अक्षरांत लाकडी पाटीवर रंगवायचं आणि दारावर टांगायचं, दरबारात येताना गळ्यातही! ही अक्कल राजाची नव्हती. ती परमुलखातून आलेल्या गुणभास्कर शास्त्र्यांची होती. "महाराज, माणूस कसा आहे याला कोण विचारतो? तो स्वतःला काय म्हणवतो, त्यावर त्याचं नाव होतं!" हे शास्त्रीबुवांचं ज्ञान. पाट्याही त्यांच्याकडेच मिळत, हा निव्वळ योगायोग.

मग काय विचारता! गावात सद्गुणांचं नुसतं पीक आलं. गवळ्याने 'निर्मळता' घेतली आणि पाटी धुवायला विहिरीवर गेला; जाताना दुधाच्या चरव्याही घेऊन गेला. दिवाण निळोपंतांनी 'पारदर्शकता' पसंत केली आणि ती रंगवून होईपर्यंत कचेरीची दारं आतून लावून घेतली. सेनापती भैरोजींनी 'निर्भयता' निवडली, पण ती टांगायला शिडीवर बायकोला चढवलं. शास्त्रीबुवांच्या स्वतःच्या गळ्यात हातभर लांबीची 'नम्रता' लोंबत होती. आणि खुद्द महाराजांनी सिंहासनावर 'सूरसाधना' लावली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी गात. दरबार माना डोलवी, आणि वाड्यामागच्या बाजारातली कुत्री साथ देत.

पाटी नव्हती ती फक्त सटवाजी कुंभाराच्या लेकीकडे, हौसाकडे. वाड्याच्या भिंतीला लागून चिंचेखाली तिची मडक्यांची जागा होती. आजी तिथेच बसायची, आई तिथेच बसायची. बापाचे हात आता थरथरत, चाकावर हौसाच बसे. ती जागा गेली असती, तर उन्हाळ्यासाठी भाजलेले माठ घरातच राहिले असते आणि चूल थंड पडली असती.

शिपायांनी तिला दरबारात उभं केलं.

"पाटी का नाही गं?" राजा गरजला.

"म्हाराज, जे खरं हाय ते लिवायला लागत न्हाई. आन् बोलायलाबी लागत न्हाई!"

शास्त्रीबुवा कुत्सित हसले. राजा मात्र हट्टाला पेटला. "असं? मग उद्या दरबारात तुझं मूल्य न लिहिता, न बोलता दाखव! जमलं तर जागा तुझी. नाही जमलं, तर चांदवलीत पुन्हा मडकं विकायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी हौसा बापासोबत दोन माठ घेऊन आली. एक साधा. दुसऱ्याच्या गळ्यात झोकदार पाटी होती, 'अखंडता'.

"म्हाराज, यातला कोणता घ्याल?"

"बोलली! हरली!" शास्त्रीबुवा टाळ्या पिटत ओरडले.

"माझं मूल्य बोलायचं न्हाई असं ठरलंय, शास्त्रीबुवा. मुकं राहायचं कुठं ठरलंय?"

राजाने पाटीवाला माठ उचलायला हात घातला, तशी हौसा म्हणाली, "अवो, थांबा! बाजारातली पोरसुद्धा मडकं वाजवून घेती."

राजाने बोट वाकवून साध्या माठावर टिचकी मारली. ठण्ण! पाटीवाल्यावर मारली. बद्द!

"हा तर चिरलेला आहे!"

"पर पाटी वाचा की! सोनेरी हाय!"

दरबारात खसखस पिकली. हौसाने सगळ्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवरून नजर फिरवली. "म्हाराज, हुकूम असंल तर ही मंडळीबी जरा वाजवून बघू? तुमच्यात सगळ्यांत नम्र कोण, त्यानं म्होरं यावं!"

दिवाणांना कोपर मारून आणि पुजाऱ्याच्या पायावर पाय देऊन शास्त्रीबुवा सर्वांच्या आधी पुढे पोहोचले. "नम्रतेत माझा हात धरणारा त्रिभुवनात नाही!"

राजाच्या मिशा हलल्या.

"आता निर्भय आन् पारदर्शक मंडळींनी सांगावं. म्हाराजांचं कालचं गाणं कसं झालं?"

सेनापतींनी आधी दिवाणांकडे पाहिलं. "कोकिळा... कोकिळा रजा घेऊन गेली, महाराज!"

"साक्षात गंधर्व उतरले!" दिवाण म्हणाले. "अश्रू आवरेनात!"

हे मात्र अगदी खरं होतं. अश्रू कोणालाच आवरले नव्हते.

राजाच्या मिशा एकदम थांबल्या. तो पुढे वाकला. "पुरे! हौसा, वाड्याच्या भिंतीपलीकडे तू बसतेस. माझं गाणं तुझ्या कानावर पडतंच. आता तू सांग, कसं झालं?"

कोपऱ्यात सटवाजी हात जोडून पुटपुटला, "पोरी, चांगलं म्हण गं, बये! जागा जाईल आपली!"

हौसा फार घाबरली होती. चांगलं म्हटलं असतं, तर तीही पाटीवाल्यांतलीच झाली असती. वाईट म्हटलं असतं, तर खरं ते बोलून दाखवल्याने पैज गेली असती, आणि कदाचित मुंडकंही. तिने बापाकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं. मग एक शब्दही न बोलता ती खाली बसली, चिरलेला माठ जवळ ओढला आणि बोट वाकवून मारलं.

बद्द!

सेनापती खांबाआड गेले. राजा लालबुंद झाला, त्याचे गाल फुगले, खांदे हलू लागले, आणि तो असा खो खो हसत सुटला की मुकुट नाकावर आला!

"न लिहिता! न बोलता! अरे, इतके दिवस गातोय मी, आज पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं! शास्त्रीबुवा, तुमच्या कुठल्या पाटीतून असा आवाज येतो का हो?"

शास्त्रीबुवा नम्रपणे दाराकडे सरकत होते.

"चिंचेखालची जागा पिढ्यान्‌पिढ्या तुमची! वाड्यातले माठही तूच द्यायचे. आणखी काय हवं ते माग!"

"म्हाराज, आवा लावायचाय. मडकी भाजायला सरपण कमी पडतंय."

राजाने डोळे पुसले, उठला आणि सिंहासनावरची 'सूरसाधना' स्वतःच्या हाताने उचकटून तिच्यापुढे ठेवली. पाठोपाठ सगळ्या गळ्यांतल्या पाट्या येऊन पडल्या आणि चांगला कंबरभर ढीग झाला.

हौसाने वरची पाटी उचलली, बोट वाकवून वाजवली आणि म्हणाली, "वाळल्यात बरं का म्हाराज. झकास जळतील!"