जेवणाचा नेम

एकदा एक तेलाचा व्यापारी आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन नदीकाठच्या एका वृद्ध वैद्यबाईंकडे आला. सारी पंचक्रोशी त्यांना माई म्हणत असे. आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती आणि व्यापाऱ्याच्या आईला घाई होती ती त्यामुळेच. चातुर्मासात लग्ने होत नाहीत; त्याआधी बोलणी पक्की करायची आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मुलाला दुसरी बायको करून द्यायची, असा तिचा बेत होता. मुलगी पाहूनही ठेवली होती. फक्त माईंच्या तोंडून एकदा वदवून घ्यावे, म्हणजे लोकांना बोलायला जागा उरणार नाही, एवढ्यासाठी ही फेरी होती.

"सात वर्षं झाली, माई," सासू म्हणाली. "हिची कूस काही उजवत नाही. वांझ आहे म्हणून सांगा, म्हणजे आम्ही मोकळे."

सून वेणू खाली मान घालून बसली होती. मनगटे इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. माईंची तरुण शिष्या लगबगीने औषधांची पेटी घेऊन आली, पण माईंनी पेटीकडे पाहिलेही नाही.

"काल काय जेवलीस गं?" त्यांनी वेणूला विचारले.

"काल सोमवार होता."

"आणि आज?"

"आज मंगळवार. उद्या जेवीन."

हळूहळू सगळे बाहेर आले. लग्नाला दोन वर्षे झाली तेव्हा सासूने सोमवार धरायला लावला. मावससासूने मंगळवार सांगितला, शेजारणीने गुरुवार, कोणा पाहुणीने शुक्रवार. संकष्टी, प्रदोष आणि एकादशी होत्याच. सल्ल्याला काही मोल पडत नाही, आणि पोट दुसऱ्याचे असले म्हणजे तो अधिकच सढळ हाताने दिला जातो. घरात धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या आणि त्या घरची सून पाच वर्षे अर्धपोटी होती. तिची पाळी बंद होऊन वर्ष लोटले होते.

"पहिल्यांदा चुकली तेव्हा मी गावभर साखर वाटली होती," सासू म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला.

माईंनी व्यापाऱ्याकडे मोहरा वळवला. "आणि पहिली दोन वर्षं तुम्ही घरी किती असायचात?"

"बाजार गाठायचे असायचे. महिन्यातून चार-पाच दिवस."

"कोणते दिवस?"

व्यापारी गोंधळला. असला प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

माईंनी वेणूला आत नेऊन तपासले. बाहेर येऊन त्या सासूला म्हणाल्या, "औषध नाही. चातुर्मासाचा एक नेम सांगते. हिनं रोज दोन वेळा पोटभर जेवायचं. भाकरी, डाळ, भाजी, दूध, तूप. आणि तुम्ही स्वतः समोर बसून वाढायचं. एक वेळ जरी चुकली तरी नेम मोडला, आणि दोष वाढणारीला."

वेणू घाबरली. "माई, उपास सोडले तर देव रागावेल."

"पाच वर्षं तुझं ऐकत होता ना तो? आता त्याचं तू ऐक. जेव म्हणतोय."

ती माणसे गेल्यावर शिष्येला राहवेना. "लोक चातुर्मासात जेवण सोडतात, आणि तुम्ही ते धरायला लावलंत?" माई पुढच्या रोग्याकडे वळल्या.

श्रावणात माई परगावी गेल्या असताना दुसरी एक निपुत्रिक बाई आली. अंगाने भरलेली, हनुवटीवर राठ केस, पाळी तीन-चार महिन्यांनी कधीतरी येणारी. शिष्येने मोठ्या आत्मविश्वासाने तिला तोच नेम सांगितला. नशिबाने माई तेवढ्यात परतल्या. त्यांनी त्या बाईला दारातच थांबवले, नीट तपासले, गोडधोड कमी करून रोज कोसभर चालायला सांगितले आणि औषध देऊन महिन्याने पुन्हा बोलावले.

मग त्या शिष्येजवळ येऊन बसल्या.

"तू उत्तर पाठ केलंस, पोरी. प्रश्न ऐकलाच नाहीस. अगं, दर महिन्याला बाईच्या पोटात एक बीज पिकतं. खसखशीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान. ते सुटलं की नळीचं तोंड त्याला झेलून घेतं, आणि ती नळी आतून काही ठिकाणी सुईएवढीही रुंद नसते. तिथं ते पुरुषबीजाची वाट पाहतं. किती? एक दिवस, तोही पुरता नाही. तिकडे गर्भाशयानं त्याच्यासाठी अंथरूण घालून ठेवलेलं असतं. कुणी आलं नाही तर ते काढायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घालायचं, न रुसता. हे सगळं चाललेलं असतं ती बाई भांडी घासत असताना, तिला न विचारता. चाळीस वर्षं झाली मला यात, अजून अंगावर काटा येतो.

"आता यात कुठंही अडू शकतं. कुणाचं बीज पिकतच नाही, ही आजची बाई तशी. कुणाच्या गळ्यातली ग्रंथी मंदावते आणि सगळं शरीरच आळसावतं. कुणाला ओटीपोटात जुना आजार झालेला असतो, लाजेपायी सांगितलेला नसतो, आणि नळी बुजून जाते. कुणाच्या गर्भाशयात गाठी असतात. कुणी पाळीत गडाबडा लोळते आणि आई म्हणते, लग्न झालं की थांबेल. तिचं आतलं अस्तर भलत्याच जागी वाढत असतं. वय वाढलं की बीजंच सरत येतात. आणि कितीतरी घरांत अडलेलं असतं नवऱ्याकडे, पण त्याला कुणी विचारायलाच जात नाही. या सगळ्याला आपण मिळून नाव दिलं एकच, वांझ."

"आणि वेणूचं काय होतं?"

"पहिली दोन वर्षं नवरा बाजारात असताना तो एक दिवस हुकत गेला असेल, मग उपास लागले. वेणूचं शरीर शहाणं. त्यानं पाहिलं, इथं एकीलाच अन्न पुरत नाही, मग दुसऱ्या जिवाला कशाला बोलवा? त्यानं दार लावून घेतलं. तिला जगवण्यासाठीच लावलं गं."

 आपणही कोणाच्या तरी त्या अपुऱ्या एका दिवसातून आलो, हे शिष्येला प्रथमच कळले, आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

कार्तिकातल्या द्वादशीला सकाळीच सासू एकटी आली. तुळशीचे लग्न त्याच संध्याकाळी होते. तिने माईंपुढे गुळाचा खडा ठेवला.

"काल सून बाहेर बसली," ती म्हणाली. "सोळा महिन्यांनी पाळी आली. मुलीकडच्यांना मी निरोप धाडलाय. म्हटलं, घरात सून आहे आमच्या."

सुनेची पाळी आली म्हणून गूळ घेऊन येणारी सासू शिष्येने कधी पाहिली नव्हती.

"आता मूल होईल ना, माई?"

"ते मला सांगता येणार नाही. दार उघडलं, एवढंच आज कळलं. पुढं अडलं तर पुन्हा पाहू. मुलालाही घेऊन या."

सासूने मान डोलावली आणि लगेच उठली.

"बसा की थोडं," शिष्या म्हणाली. "चातुर्मास संपला. सुनेचा नेमही पुरा झाला."

"तिचा झाला," सासू चपला पायात सरकवत म्हणाली. "वाढायचा नेम माझा होता. ती माझ्यासाठी थांबली असेल."

उपास सांगण्याआधी, तो जिच्या पोटाला पडणार आहे तिच्या ताटात काय आहे, एवढे पाहावे.