जातो म्हणायचं बंदर

खाली उतर बाबा आधी. तू, निळ्या टोपीवाला. होडीत पाय टाकताना मला काय म्हणालास? 'येतो हं मावशी.' आईनं वळण चांगलं लावलंय, माझी तक्रार नाही. पण दिवेखोलच्या बंदरातून कोणी येतो म्हणून निघत नाही. इथे जातो म्हणायचं. दात काय काढतोस? हे ऐकून घ्या आणि मग जा. भरतीला अजून अर्धा तास आहे आणि तुमचा किल्ला कुठे पळून जात नाही. बसा त्या जाळ्यांवर. ओली नाहीत.

तो समोरचा काळा खडक बघा, ज्याच्यावर माझी सून उभी आहे. त्याला आम्ही हाकेचा खडक म्हणतो. खडक आणि पलीकडचा कडा यांच्या मधून पाणी आत येतं, ते नरडं. नाव बरोबरच आहे, एका वेळी एकच होडी मावते. बाहेर जाणाऱ्या होडीनं नरड्याशी थांबून 'जातो' अशी हाक द्यायची. खडकावरच्या हाकारणीनं 'ये' म्हटलं की सुटायचं. बाहेरून येणाऱ्यानं 'आलो' म्हणायचं, तिनं 'आण' म्हटल्यावरच आत शिरायचं. मी त्या खडकावर एकतीस वर्षं काढली. माझ्या आधी सासू होती, तिच्या आधी तिची सासू. आता धक्क्यावर दिवा आहे, होड्यांवर वायरलेस आहे, बंदरखात्याचा साहेब वहीत सगळं लिहून घेतो. घेऊ दे बापडा. त्याची वही त्याच्यापाशी.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. इंग्रज यायच्या आधीची गोष्ट सांगतात. तेव्हा खडकावर लखू नावाचा हाकारी होता. आवाज असा की घराघरातल्या बायका त्याच्या हाकेवर चुलीवरची भांडी उतरवून धक्क्यावर यायच्या. त्या काळी बाहेर जाणारा काय म्हणायचा? 'येतो.' कारण घरातून निघताना जातो म्हणणं अभद्र, ते तुमच्याकडेही आहे. आणि बाहेरून येणारा काय म्हणायचा? तोही 'येतो.' लखू दोघांनाही 'ये' म्हणायचा. दोघे एकदम आले तर एकाला हात करून थांबवायचा. जन्मभर असं चाललं आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे सगळं हाकेवर नाही, लखूच्या डोळ्यांवर चाललंय.

लखूला एकच मुलगी, आवडी. ती त्यानं बंदरातल्याच नारू तांडेलाला दिली होती. पौषातल्या एका सकाळी नारू मचवा घेऊन निघाला. धुकं असं पडलं होतं की वल्हं मारणाऱ्याला वल्ह्याचं पातं दिसत नव्हतं. आवडी त्याची न्याहारी बांधून धक्क्यापर्यंत आली होती. नरड्याशी जाऊन नारूनं हाक दिली, 'येतो.' नेमकं त्याच घटकेला बाहेर मिठानं भरलेलं एक गलबत येऊन ठेपलं होतं. त्याच्या तांडेलानंही हाक दिली, 'येतो.' लखूनं दोन्ही हाका ऐकल्या. पण शब्द तोच, आणि समोर उभा कडा. त्याला वाटलं, दुसरी हाक म्हणजे पहिलीचाच पडसाद. तो म्हणाला, 'ये.'

दोघांनाही वाटलं, आपल्याला म्हणाला.

आवडी धक्क्यावरच उभी होती. तिनं नवऱ्याची हाक ऐकली, बापाचं 'ये' ऐकलं आणि मग लाकूड फुटल्याचा आवाज ऐकला. माणसं किती गेली याबद्दल गावात एकमत नाही. कोणी चार सांगतात, कोणी सात. वरच्या आळीचे लोक तर दर्यातून देवी वर आली वगैरे सांगतात, ते मला पटत नाही. आमच्या घरात एकच नाव सांगतात, नारू. सुकाणूवर होता, खडकाकडच्या बाजूला. बाकीचे पोहून निघाले.

गावानं लखूला बोल लावला नाही. कोणत्या तोंडानं लावणार? सगळेच येतो म्हणत होते. पण लखू जो खडकावरून उतरला तो घरात भिंतीकडे तोंड करून बसला. मुलीशी बोलेना, कोणाशीच बोलेना. नरड्यातून होडी न्यायची कोणाची छाती होईना. महिनाभर सगळ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या. घराघरातली सुकी मासळी संपत आली. लेकरांना नुसती पेज, तीसुद्धा पातळ.

मग देवळात बैठक बसली. दोन्ही बाजूंना वेगवेगळा शब्द पाहिजे, एवढं सगळ्यांना कळत होतं. येणाऱ्याचं सोपं होतं, त्यानं आलो म्हणावं. जाणाऱ्यानं काय म्हणावं? निघतो म्हणून बघितलं, सुटतो म्हणून बघितलं. वाऱ्यात नुसता 'तो' ऐकू यायचा. तुम्हीच ओरडून बघा, लांब जातो तो 'जा'. तोंड पुरतं उघडतं ना. शंख वाजवू म्हणावं तर शंख आमच्यात मयतापुढे वाजतो, तो रोज कोण ऐकून घेईल? राहिला जातो. पण आपल्या माणसाला जातो म्हणू द्यायला एक बाई तयार होईना. पुरुष तरी कुठे तयार होते? दर्यात वादळाला तोंड देणारी माणसं, पण तो एक शब्द उच्चारायला जीभ रेटेना. देवाला कौल लावला, तर फुलं जिथल्या तिथे, डावं नाही की उजवं नाही. गुरवानं हात वर केले.

तेव्हा आवडी उठली. महिन्याभराची विधवा बैठकीत उठून बोलतेय, हेच पुष्कळांना रुचलं नाही. तिनं सांगितलं की बापाच्या जागी खडकावर मी उभी राहीन. मग काय विचारता. एका म्हाताऱ्यानं तर कानांवर हात ठेवले. निघताना विधवेचं तोंड बघायचं आणि वर जातो म्हणायचं, म्हणजे सरळ मसणातच जायचं की, असं तो म्हणाला. आवडीनं त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

मग ती म्हणाली, "अभद्र काय असेल ते माझ्यावर येऊ दे. त्यानं जातो म्हणावं. ये म्हणायचं माझ्याकडे लागलं. आणि ज्याला मी ये म्हणेन, तो आल्याशिवाय मी खडकावरून उतरणार नाही."

 मग नारूचा धाकटा भाऊ पुनाजी पुढे झाला आणि आपण जातो म्हणाला. आणि ते तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं, असं सांगतात.

दुसऱ्या सकाळी सगळं गाव धक्क्यावर. पुनाजी आणि त्याचे चार गडी नरड्याशी आले. आवडी खडकावर उभी, पांढऱ्या लुगड्यात.  पुनाजीनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, 'जातो.' धक्क्यावर त्याच्या आईनं पदर तोंडात कोंबला. आवडी म्हणाली, 'ये.' मचवा बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचे होते. आले नाहीत. वारा फिरला होता. तिसरा दिवस गेला तरी नाहीत. आता गावाचा जीव टांगणीला लागला. पाच घरांतल्या बायका तर आवडीच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. त्यांचं काय चुकलं? मीसुद्धा मोडली असती. आवडी खडकावरच होती. उधाणाचे दिवस, भरतीला पाणी गुडघ्याला लागायचं. कोणी भाकरी नेऊन द्यायचं, ती खायची, आणि पुन्हा बाहेर बघत उभी.

पुनाजी गेल्याच्या चौथ्या दिवशी लखू उठला. महिन्याभरात पहिल्यांदा घराबाहेर पडला आणि डोणीतून खडकावर गेला. मुलीचे पाय खाऱ्या पाण्यानं फुटलेले, आवाज बसलेला. ते बघून म्हातारा रडला, असं सांगतात. माझ्या सासूला ही गोष्ट सांगताना इथे थांबायची सवय होती. मी थांबत नाही, मलाच रडू येतं.

लखू म्हणाला, "माझ्या ये म्हणण्यानं तुझा घरधनी गेला. तुझ्या ये म्हणण्यापायी तू जाऊ नकोस. उतर, बाय."

आवडी कशीबशी म्हणाली, "बाबा, मी उतरले तर उद्या ये या शब्दाला कोण विचारील?"

 म्हातारा तिच्या शेजारी बसून राहिला.

पाचव्या सकाळी पुन्हा धुकं उतरलं, त्या दिवसासारखंच. दोघांना एकमेकांचं तोंड नीट दिसत नव्हतं. आणि बाहेरून हाक आली, 'आलो.' पुनाजीच होता. वाऱ्यानं दक्षिणेला नेलं होतं, शीड फाटलं होतं, पण पाचही जण धड होते आणि मचव्यात बांगडा होता. आवडीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच फुटेना. होडी धुक्यात थांबलेली, उत्तराची वाट बघत. शिरायचं तर खडक, थांबायचं तर ओहोटी लागलेली. आवडीनं बापाचा हात धरला. लखू मान हलवत राहिला, नाही म्हणून. ज्या तोंडानं जावई घालवला त्या तोंडानं पुन्हा हाक द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तिनं हात सोडला नाही. धुक्यापलीकडून पुनाजीनं पुन्हा हाक दिली, 'आलो.'

आणि लखू ओरडला, 'आण.' धक्क्यावर ती हाक ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. चुली सोडून बायका धावल्या.

मचवा नरड्यातून सरळ आत आला तेव्हा आवडी खडकावरून उतरली. त्या दिवसापासून सगळे जातो म्हणायला लागले. तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायकांनीच आपापल्या नवऱ्यांना शिकवलं. लखू फार जगला नाही, पण जगला तोवर रोज तिची न्याहारी घेऊन खडकावर जायचा. आवडीनं पुढे चाळीस वर्षं हाक दिली. तिला मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनं काम पुनाजीच्या सुनेला दिलं. तेव्हापासून आमच्या घराला हाकारे म्हणतात. त्याआधीचं आडनाव काय होतं, आम्हालाही ठाऊक नाही.

आवडी गेली ती पुनाजीच्याच घरी. ओहोटी लागली होती. भोवती बायका बसलेल्या, दारात पुरुष. तिनं डोळे उघडले आणि स्वच्छ म्हणाली, 'जाते.'  चाळीस वर्षं तिनं गावाला उत्तर दिलं होतं आणि आता तिला उत्तर द्यायला कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. ती दाराकडे बघत राहिली. मग पुनाजी, तोही म्हातारा झालेला, उंबऱ्यातून म्हणाला, "ये, वयनी." मग अंगणातल्यांनी म्हटलं, मग वाटेवरच्यांनी, मग खाली धक्क्यावरच्यांनी. ते ऐकून तिनं डोळे मिटले म्हणे.

आजही दिवेखोलात माणूस गेला की तिरडी उचलताना बाकी रडारड थांबते आणि आम्ही सगळे त्याला ये म्हणतो. परगावच्या पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. वाटू दे. सात वर्षांपूर्वी माझ्या मालकांना पहिलं ये मी म्हटलं. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं.