ओठ मिटलेली शाळा

एका डोंगराळ गावात एक मास्तर होते. त्यांचं नाव केरबा गुरुजी. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणालाही झुकतं माप दिलं नाही, असं सगळा तालुका सांगे, आणि सगळ्यात जास्त ते स्वतः सांगत. सख्ख्या भाच्याला त्यांनी चौथीत दोन गुणांसाठी नापास केलं होतं. बहीण तीन वर्षं भाऊबीजेला आली नाही. ही गोष्ट गुरुजी लग्नात, बारशात, एसटीची वाट बघताना, कुठेही सांगायचे आणि सांगून झाली की जरा थांबायचे. ऐकणाऱ्याने मान हलवावी म्हणून.

शिकवायचे मात्र जीव ओतून. त्यांच्या वर्गात एक नियम होता. मनातल्या मनात वाचतानाही ओठ हलले पाहिजेत. "नुसत्या डोळ्यांनी वाचाल तर निम्मे शब्द गाळाल," ते म्हणत. स्वल्पविराम आला की मनात एक मोजायचं, पूर्णविराम आला की दोन, मग पुढे. वाचनाच्या तासाला ते रांगांमधून फिरत आणि मुलांच्या पुस्तकांकडे न बघता ओठांकडे बघत. ज्याचे ओठ स्थिर, त्याचा कान गुरुजींच्या हातात. लहान मुलांना आवाज आत ठेवणं जमत नसे. साठ मुलं पुटपुटू लागली की शाळेतून एक गुणगुण बाहेर येई. शेताकडे निघालेल्या बायका ती ऐकून म्हणत, "शाळा चालू आहे अजून. चला निवांत."

त्या वर्गात सुकन्या नावाची मुलगी होती. तिची आई शालनबाई अंगणवाडीत मदतनीस होती. सुकन्याने गुरुजींचा नियम असा उचलला की तो तिच्या अंगात मुरला. एसटीची पाटी वाचतानाही तिचे ओठ हलत, आवाज अजिबात नाही. गुरुजी पाहुण्यांना दाखवत, "ही बघा. वाचणारं पोर असं असतं."

पुढे गुरुजी निवृत्त झाले. तालुक्याच्या शिक्षण संस्थेने त्यांना परीक्षा समितीचं प्रमुख केलं. ही संस्था दरवर्षी बारावी झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंग शिकायला पाठवत असे. फी, वसतिगृह, जेवण, सगळं संस्थेचं. जागा एकच, आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता यायची.

त्याआधीच्या वर्षी या परीक्षेत मोठा घोळ झाला होता. पेपर संगणकावर होता. पहिला आलेल्या मुलाने पेपराशेजारी दुसरी खिडकी उघडून इंटरनेटवरून उत्तरं शोधली होती. सत्काराच्या दिवशी पाहुण्यांनी त्याला पेपरातलाच एक प्रश्न विचारला, तर तो छताकडे बघत राहिला. त्याची जागा काढून घेतली. पण तोवर दुसऱ्या क्रमांकाची मुलगी लग्न होऊन निघून गेली होती. त्या वर्षी गावांकडून कुणीच गेलं नाही.

गुरुजींना हे फार लागलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी संस्थेला सुरक्षित ब्राउझर घ्यायला लावला. या ब्राउझरमध्ये परीक्षा सुरू झाली की संगणकावर दुसरं काहीच उघडत नाही. त्याच्यासोबत एक कॅमेराही होता. मान वळली, ओठ हलले, की तो नोंद करून ठेवायचा.

संगणकाचं काम बघायला संस्थेत कीर्ती नावाची चोवीस वर्षांची मुलगी होती. सगळी जुळणी तिनेच केली. सभेत ती म्हणाली, "सर, कॅमेऱ्याची नोंद हा निकाल नसतो. नोंद झाली की माणसाने बसून बघायचं असतं."

"माणसांनी बघितलं म्हणूनच गेल्या वर्षी नाक कापलं गेलं," गुरुजी म्हणाले. "तीन नोंदी झाल्या की उमेदवार बाद. कुणाचाही मुलगा असो."

"तीन कुठून आले, सर?"

"तुझं वय काय?" आप्पासाहेबांनी विचारलं. ते संस्थेचे अध्यक्ष होते. सभा हसली. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. पूर्वी परीक्षेला दोन शिक्षक फिरत. आता यंत्र आहे म्हणून दाराशी एकच खुर्ची ठेवली.

परीक्षेला चाळीस मुलं बसली. सुकन्या खिडकीकडच्या संगणकावर होती. तिला नर्स व्हायचं होतं. गावात नर्स नव्हती, सगळ्यात जवळची चौदा किलोमीटरवर. पेपर सुरू झाला आणि तिने पहिला प्रश्न वाचला, लहानपणापासून वाचत आली तसाच. दाराशी बसलेल्या शिक्षकाला काही ऐकू आलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

निकाल लागला. सुकन्याला शंभरपैकी एक्याण्णव. दुसऱ्या क्रमांकाला ब्याऐंशी. सुकन्याच्या नावापुढे लिहिलं होतं: बोलण्याच्या नोंदी एकेचाळीस, उमेदवार बाद.

कीर्ती लॅपटॉप घेऊन गुरुजींच्या घरी गेली. "सर, पाचच मिनिटं बघा."

गुरुजींनी चष्मा लावला. पडद्यावर सुकन्याचा चेहरा होता. तिचे डोळे ओळीवरून सरकत होते आणि ओठ हलत होते. मग ते थांबले. गुरुजींच्या मनाने आपोआप एक मोजलं. ओठ पुन्हा हलले, थांबले. गुरुजींनी दोन मोजले. ओठ पुढच्या ओळीवर गेले. पाच मिनिटं त्यांची मोजणी एकदाही चुकली नाही.

"शेजारच्या संगणकांचंही चित्रण बघितलं मी," कीर्ती म्हणाली. "तिच्याकडे कुणी मान वळवलेली नाही. पोरगी नुसती वाचतेय, सर."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "सभेत बघू," ते म्हणाले.

सभा भरली. आप्पासाहेबांनी कागद पुढे सरकवला. "मास्तर, ही तुमच्याच शाळेची ना? तुमचं काय म्हणणं?"

एवढंच बोलायचं होतं: ही मुलगी बोलत नव्हती, वाचत होती, असं वाचायला मीच शिकवलं. गुरुजींनी तोंड उघडलंही. तेवढ्यात आप्पासाहेब शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, "आज मास्तर पहिल्यांदा वाकणार बघा. स्वतःच्या चेलीसाठी."

ती थट्टा होती. अशा थट्टा सभेत दहा होतात आणि चहा येईपर्यंत विसरल्या जातात. पण गुरुजींचे कान लाल झाले.

"नियम तो नियम," ते म्हणाले. "मी सख्ख्या भाच्याला सोडलं नव्हतं."

सगळ्यांनी माना हलवल्या.

"सर, तुमचा भाचा नापास होता," कीर्ती कोपऱ्यातून म्हणाली. "ही पास आहे."

"मोठी माणसं बोलतात तेव्हा मध्ये बोलू नये," आप्पासाहेब म्हणाले, आणि चहा आला.

दुसऱ्या दिवशी सुकन्या आईला घेऊन गुरुजींच्या ओसरीपाशी आली. गुरुजी पेपर वाचत बसले होते. सुकन्या पायऱ्या चढली नाही, खालीच उभी राहिली.

"गुरुजी, मी कुणाशी बोलले नाही."

"मला माहीत आहे," गुरुजी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

शालनबाई पुढे आली. "माहीत आहे तर मग सभेत का नाही सांगितलंत?"

"यंत्रापुढे माझं काय चालतं, शालनबाई?"

"यंत्र तुम्हीच आणलं म्हणत्यात."

गुरुजींनी पेपराची घडी घातली. ती सरळ बसेना म्हणून पुन्हा घातली. "पोरगी हुशार आहे. तिचं कुठंही चांगलंच होईल," ते म्हणाले. मोठी माणसं हे वाक्य फार सहज वापरतात, आणि मग त्या कुठंहीचा पत्ता त्यांना विचारायचा नसतो.

सुकन्या रडली नाही. तिने एकच विचारलं. "गुरुजी, मग मी वाचायचं कसं?"

गुरुजींनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. मायलेकी निघून गेल्या.

ती जागा ब्याऐंशी गुणांच्या मुलीला मिळाली. तीही कष्टाळू मुलगी होती, तिने काही चोरलं नव्हतं. सुकन्या तालुक्याला एका कापडाच्या दुकानात लागली. साड्यांच्या घड्या घालायच्या, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घालायच्या.

गुरुजी आता भाच्याची गोष्ट सांगेनासे झाले. एकदा बारशात कुणीतरी आग्रह केला. त्यांनी सुरुवात केली, दोन गुणांपाशी आले आणि पाणी मागितलं.

वर्ष गेलं. पुढच्या परीक्षेआधीची सभा आली, तेव्हा गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद वाचला. गेल्या वर्षीची मुलगी निर्दोष होती. मला त्याच वेळी ठाऊक होतं. मी माझं नाव जपलं. यापुढे कॅमेऱ्याची प्रत्येक नोंद दोन माणसांनी बघावी, आणि उमेदवाराला विचारल्याशिवाय कुणालाही बाद करू नये.

मग आप्पासाहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात सचोटी. स्वतःची चूकसुद्धा सोडत नाही हा माणूस." आणि सभेने टाळ्या वाजवल्या. गुरुजी मान खाली घालून बसले. कीर्तीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने नवा नियम लिहून घेतला आणि विचारलं, "आणि सुकन्याचं काय?"

परीक्षा एकदाच देता येते, हा नियम जुना होता. तो बदलायचा तर विश्वस्तांची बैठक हवी. विश्वस्तांची बैठक दिवाळीनंतर. दिवाळीनंतर ती पुढे ढकलली. पुढे तिचं नावही कुणी काढलं नाही.

ब्राउझर राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. दुसरी खिडकी पुन्हा कुणाला उघडता आली नाही. नोंदी आता कीर्ती आणि एक शिक्षक मिळून बघतात. त्यानंतर एकही मूल चुकीने बाद झालं नाही.

एकदा गुरुजी कापडाच्या दुकानात गेले. सुकन्या काउंटरमागे होती. नव्या मालाची यादी वाचत होती, आणि वाचताना ओढणीचं टोक तोंडावर घट्ट धरलं होतं. गुरुजींना पाहून तिने उठून नमस्कार केला.

"वाचतेस ना अजून?" गुरुजींनी विचारलं.

"वाचते की. कुणी बघत नसलं की वाचते," ती म्हणाली. "तुम्हाला काय दाखवू, गुरुजी?"

त्यांनी एक पंचा घेतला आणि गावी परतले. एसटीतून उतरून ते शाळेवरून चालले होते. दुपारचे अडीच वाजले होते, वाचनाचा तास. पण शाळेतून काहीच ऐकू येत नव्हतं. समोरून दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन येत होत्या.

"गुरुजी, आज कसली सुट्टी?" एकीने विचारलं.

गुरुजींनी खिडकीतून आत पाहिलं. सुट्टी नव्हती. साठ मुलं पुस्तकं उघडून बसली होती आणि प्रत्येकाने ओठ घट्ट मिटले होते. गावातल्या आयांनी पोरांना सांगून ठेवलं होतं, ओठ हलवू नका, नाहीतर सुकन्यासारखं होईल.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीला मिटलेल्या ओठांनी वाचणं जमत नव्हतं. तिने डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते धरून ठेवले होते.

गुरुजी खिडकीपासून मागे सरले. मग निघून गेले.

तात्पर्य: कुलूप चोराला अडवतं, निर्दोष माणसाची साक्ष देत नाही. ती साक्ष ज्याला खरं ठाऊक आहे त्यानेच द्यायची असते, आणि वेळेवर. स्वतःचं चांगलं नाव जपायला जो गप्प बसतो तो निःपक्षपाती नसतो, भित्रा असतो. आणि त्याने उशिरा दिलेली कबुली त्याचं मन हलकं करते, ज्याचं नुकसान झालं त्याचं काहीच परत आणत नाही.